जुनं लोखंड आणि काँक्रीटची जमीन

कुवेतमध्ये गोल्फ खेळणाऱ्या भारतीयांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. नव्या माणसाला आयर्न लागेनासे झाले, तो रडकुंडीला आला, की कोणीतरी जाणता त्याला बाजूला घेऊन सांगतो, "जुना ब्लेडचा सेट घे. एक उन्हाळा फक्त त्यानेच मार. मग बघ, तुझे नवे क्लब डोळे मिटून लागतील." मला हा सल्ला आमच्या मंडळींतल्या एका काकांनी दिला. काकांचा हात अतिशय सुरेख, बोलणं मायेचं, आणि ते स्वतः जुन्या क्लबांवरच शिकलेले. त्यामुळे शंका घ्यायचं काही कारण नव्हतं. सुलैबियात मी तो सल्ला शब्दशः पाळला. त्यातून काय कमावलं आणि उजव्या-डाव्या हाताने काय भोगलं ते इथे लिहितो आहे, कारण दरवर्षी मे महिना आला की कोणी ना कोणी मला फोन करून विचारतो, "दादा, ब्लेड घेऊ का?" आणि हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही.

गोल्फ फक्त टीव्हीवर पाहिलेल्यांसाठी आधी थोडं. खेळाडूच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ क्लब असतात. त्यातले बरेचसे आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याचे. पूर्वी हे आयर्न पोलाद तापवून, ठोकून घडवत. पातं पातळ, पाठ भरीव आणि गुळगुळीत, चेंडू घ्यायचा चेहरा लहान. यालाच ब्लेड म्हणतात. मग कार्स्टन सोल्हाइम नावाचा नॉर्वेत जन्मलेला, जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारा इंजिनीयर या खेळात उशिरा शिरला. १९५९ साली त्याने स्वतःसाठी एक पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा क्लब, बनवला. त्यावर चेंडू लागला की 'पिंग' असा आवाज येई, म्हणून त्याचं नाव पडलं पिंग, आणि पुढे कंपनीचंही तेच झालं. त्याने पात्याच्या पाठीमागचं मधलं लोखंड काढून ते कडेला नेलं. त्यामुळे पाठीला खळगा पडला; म्हणून हे कॅव्हिटी बॅक. १९८२ मध्ये आलेल्या पिंग आय टू या सेटने तर साध्या खेळाडूच्या पिशवीचं रूपच पालटलं.

कडेला वजन नेल्याने होतं काय? चेंडू पात्याच्या मध्यावर न लागता टोकाकडे लागला, तर पातं मुठीत फिरायला बघतं. फुगडी घालताना दोघी मागे रेलल्या की गिरकी मंदावते, तसं वजन मध्यापासून लांब असलं की पातं कमी फिरतं. चेंडू थोडा कमी जातो, पण बराचसा सरळ जातो. ब्लेडमध्ये ही मुभा नाही. शिवाय ब्लेडचा गुरुत्वमध्य पात्याच्या हीलकडे, म्हणजे दांडीच्या बाजूला सरकलेला असतो. चेंडू टोकाकडे लागला की अंतर जातं, दिशा जाते आणि हाताला झिणझिण्या येतात. नेमका लागला, तर मात्र हातात काही जाणवतच नाही. चेंडू निघून गेलेला असतो. ही जाणीव एकदा घेतलेला माणूस ब्लेडचं नाव का सोडत नाही, हे मला पुरतं कळतं. बेन होगनचा १९५० च्या यूएस ओपनमधला, मेरियनच्या शेवटच्या होलवरचा फोटो पाहिलाय का? आदल्या वर्षी बसच्या धडकेत शरीर मोडलेला माणूस, हातात एक नंबरचा आयर्न, पाठीमागून टिपलेली ती पूर्ण झालेली स्विंग. गोल्फ शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो फोटो कुठेतरी असतोच, आणि त्या फोटोतला आयर्न ब्लेड आहे.

आता सुलैबिया. कुवेत शहराच्या पश्चिमेला, जहराच्या वाटेवर. इकडे गोठे आणि शेतं, तिकडे गोदामं आणि वर्कशॉप, भाजीपाल्याचा मोठा घाऊक बाजार, आणि शहराचं सांडपाणी रिव्हर्स ऑस्मोसिसने शुद्ध करणारा तो प्रचंड प्रकल्प. आमच्या कंपनीचं गोदाम इथल्या औद्योगिक भागात. सहाव्या रिंग रोडवर, हंटिंग अँड इक्वेस्ट्रियन क्लबाच्या परिसरात सहारा क्लबचं गवताचं मैदान आहे, तिथे जाता येतं. पण पगारदार माणसाला ते दर आठवड्याला झेपत नाही, आणि उन्हाळ्यात तर शरीरालाही झेपत नाही. याच देशात, उत्तरेकडच्या मित्रिबाह इथे, २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घ्यायला सरकारचीच बंदी असते. अशा दिवसांत सराव करायचा तर छपराखाली. मालकांच्या परवानगीने गोदामाच्या एका रिकाम्या कोपऱ्यात आम्ही वरून जाळी सोडली, खाली हिरवी मॅट टाकली. मॅटखाली काँक्रीट. या काँक्रीटचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

ब्लेडचा सेट अल-राईतल्या शुक्रवारच्या बाजारात मिळाला. देश सोडून जाणाऱ्यांचं सामान तिथे येतं, त्यात गोल्फच्या पिशव्याही असतात. घडवलेलं नरम पोलाद, त्यावरचं क्रोम वाळूने खरवडलेलं, जड स्टीलच्या शाफ्ट म्हणजे दांड्या, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक झालेल्या रबरी मुठी. हातात घेतल्यावर फार देखणे वाटले. आजही वाटतात.

सुरुवातीचा लाभ खरा होता आणि तो मी नाकारणार नाही. माझ्या कॅव्हिटी बॅकवर चेंडू कुठे लागतो हे मला कधी समजतच नसे, कारण कसाही लागला तरी तो जात असे. ब्लेडने पहिल्याच आठवड्यात दाखवलं की मी सतत टोकाकडे मारतो. अंगठ्यापासून कोपरापर्यंत जाणारी ती कळ चुकीची जागा बरोबर सांगायची. मी सावकाश मारू लागलो, डोकं स्थिर राहू लागलं, तोल शेवटपर्यंत टिकू लागला. काका येऊन बघून गेले आणि म्हणाले, "बघ, लोखंड शिकवतं की नाही?"

शिकवतं. पण जाळीसमोर ते अर्धीच गोष्ट सांगतं, हे आम्हा दोघांनाही त्या वेळी दिसलं नाही. जाळी चेंडूला काही हातांवरच अडवते. चेंडू किती उंच जाणार होता, डावीकडे वळणार होता की उजवीकडे, पडल्यावर थांबणार होता की घरंगळणार होता, यातलं काहीच कळत नाही. उरतो तो फक्त हाताला जाणवणारा धक्का. मग माणूस नकळत धक्का टाळायला शिकतो, आणि धक्का टाळणं व चेंडू नीट मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लेडमध्ये मऊ लागण्याची जागा हीलकडे असते. माझे हात तिकडे सरकत गेले. कळ थांबली म्हणून मी समजत होतो सुधारणा झाली. प्रत्यक्षात मी चेंडू पात्याच्या मध्यापासून दांडीकडे न्यायला शिकलो होतो. पुढे गवतावर माझे स्वतःचे क्लब घेतल्यावर चेंडू थेट दांडीच्या सांध्यावर बसून उजवीकडे आडवा सुटू लागला. गोल्फमध्ये याला शँक म्हणतात, आणि ज्याला तो एकदा चिकटतो त्याची झोप उडते.

दुसरी गोष्ट मॅटची. गवतावर किंवा वाळूवर आयर्न आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागला पाहिजे. चेंडूच्या आधीच जमीन लागली, की पातं रुततं, चेंडू चार पावलं जातो, आणि खेळाडूला लगेच कळतं. मॅटवर पातं रुतत नाही. ते घसरत पुढे जातं आणि चेंडूला बरं लागतं. चूक झाकली जाते. तो आघात मात्र कुठेतरी जायलाच हवा. खाली माती असती तर मातीने घेतला असता. काँक्रीट काही घेत नाही, ते परत देतं. जाड, रुंद तळाच्या नव्या आयर्नला आणि हलक्या ग्रॅफाइट शाफ्टला त्यातला थोडा भाग पेलता येतो. ब्लेडचा तळ अरुंद, कड धारदार, शाफ्ट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, मूठ गुळगुळीत. सगळा आघात मनगटातून कोपरावर.

मूठ गुळगुळीत असली की माणूस आवळून धरतो. हा मुद्दा छोटा वाटेल, पण मला वाटतं माझ्या दुखण्याची सुरुवात तिथेच झाली. आवळलेल्या मुठीत मनगट सरळ करणारे पुढच्या हाताचे स्नायू सतत ताणलेले राहतात, आणि त्यांचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतो तिथेच प्रत्येक धक्का जाऊन बसतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला हे दुखणं डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला होतं, त्याला टेनिस एल्बो म्हणतात. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला झालं तर गोल्फर्स एल्बो. मला आधी डावं झालं, मग डाव्याला सांभाळताना उजवं. पहिली खूण गोल्फ खेळताना आलीच नाही. ती आली सकाळी चहाचा कप उचलताना, आणि नंतर गाडीची किल्ली फिरवताना. थोडं गरम व्हायला लागलं की कळ जायची, म्हणून मी मारत राहिलो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: खेळताना थांबते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतते अशी कोपरातली कळ असेल, तर त्याच दिवशी क्लब खाली ठेवा. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करू नका. गोळीने कळ झाकली जाते. कंडऱ्याला झालेली इजा तशीच राहते.

माझी ती इजा बरी व्हायला महिने लागले. स्नायूची जखम लवकर भरते, कंडऱ्याची फार सावकाश, कारण तिथला रक्तपुरवठाच कमी. डॉक्टरांनी आधी पूर्ण विश्रांती सांगितली, मग फिजिओथेरपिस्टने एक हलका डंबेल घेऊन मनगट हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम दिला, रोज, कंटाळा येईल इतका. वर उचलण्यापेक्षा सावकाश खाली सोडण्यातच त्याचा गुण आहे. ज्यांचं दिवसभराचं काम हातांनी आहे, स्पॅनर, वेल्डिंग, पेट्या उचलणं, त्यांच्यासाठी हा फक्त खेळाचा प्रश्न राहत नाही. सुलैबियात असे आपले पुष्कळ लोक आहेत. कोपर गेलं की कामावर परिणाम होतो, आणि परदेशात कामावर परिणाम म्हणजे काय हे मी सांगायला नको.

बरा झाल्यावर मी काकांशी बोललो. ते दुखावले, पण त्यांनी जे सांगितलं त्यामुळे मला सगळ्याचा उलगडा झाला. ते शिकले ते अहमदीला, तेल कंपनीच्या वसाहतीतल्या वाळूच्या मैदानावर. दुबईत १९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लबचं गवत आलं, त्याआधी आखातातला गोल्फ वाळूवरच चालायचा. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीच्या, जागी तेल मिसळून दाबलेली वाळू असे, तिला ब्राउन म्हणत. चेंडू मारायला खेळाडू गवतासारख्या मॅटचा छोटा तुकडा सोबत बाळगत. वाळूत चेंडूच्या आधी जमीन लागली की लगेच कळतं आणि कोपराला फार काही होत नाही. चेंडू डोळ्यांसमोर दूरवर जाताना दिसतो. आणि दोन फटक्यांच्या मध्ये उन्हातून चालावं लागतं, त्यामुळे तासाला मोजकेच फटके होतात. काकांच्या ब्लेडने त्यांना घडवलं, पण त्या ब्लेडच्या जोडीला वाळू होती, आकाश होतं आणि चालणं होतं. मी त्यातलं फक्त लोखंड उचलून गोदामात आणलं.

आपल्याकडे या सल्ल्याला आणखी एक आधार दिला जातो तो कॅडींचा, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्यांचा. चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीतल्या कॅडी मुलांनी लोखंडी सळी वाकवून क्लब केले, प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत होल ठरवले आणि स्वतःचा गोल्फ उभा केला. सळीच्या वाकवलेल्या टोकाइतकं निर्दय पातं जगात दुसरं नसेल. दिल्लीच्या अली शेरने कॅडी म्हणून सुरुवात करून १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. बंगळूरचा चिन्नास्वामी मुनियप्पाही कॅडीच होता, त्याने ती २००९ मध्ये जिंकली. ही नावं घ्यायला मला अभिमान वाटतो. पण त्यांच्यावरून "वाईट क्लबने माणूस घडतो" असा निष्कर्ष काढणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. मिळेल त्या क्लबने ते खेळले ते दुसरे मिळत नव्हते म्हणून. दिवसभर उत्तम आणि वाईट खेळाडूंची स्विंग जवळून पाहणं, मैदानाचा चढउतार पायांनी ओळखणं, कोवळ्या वयातली लवचीक शरीरं, हे सगळं त्यांच्या पाठीशी होतं. आणि हलका प्लास्टिकचा चेंडू सळीने मारताना कोपराला कसलाच धक्का बसत नाही. ज्या मुलांचे हात त्या वाटेवर दुखावले, ज्यांनी कंटाळून सोडून दिलं, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत. काबाडकष्टाचं कौतुक करताना आपण साधनांचा प्रश्न विसरतो, ही मला आपल्या समाजाची जुनी खोड वाटते.

मग ब्लेड घेऊच नये का? माझ्याकडे आजही एक आहे, सात नंबरचा, आणि तो मला प्रिय आहे. पूर्ण सेट मात्र मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही. लांबचे जुने आयर्न, दोन, तीन, चार नंबरचे, साध्या खेळाडूला हवेत उचलताच येत नाहीत, आणि वर न जाणारा चेंडू उचलायच्या नादात माणूस अंग मागे टाकायला लागतो. एकच सहा किंवा सात नंबरचा घ्या. तो घराच्या जाळीसमोर नको, काँक्रीटवरच्या मॅटवर तर मुळीच नको. गवतावर जायला मिळेल त्या दिवशी पिशवीत टाका. मिळणार नसेल, तर थंडीच्या दिवसांत भुसभुशीत वाळूवर, माणसं-गाड्या नसलेल्या आणि रीतसर परवानगी असलेल्या जागेवर, हलका सरावाचा चेंडू घेऊन मारा. सुरुवातीला अर्ध्या स्विंगनेच, कमरेपासून कमरेपर्यंत. पाचसहा चेंडू ब्लेडने, मग तितकेच स्वतःच्या क्लबने, पुन्हा ब्लेडने. असं आलटून पालटून मारलं की हातांना एकाच पात्याची सवय लागत नाही, आणि ब्लेडने सांगितलेलं लगेच आपल्या क्लबवर तपासता येतं. थकवा आला की आधी ब्लेड ठेवा. थकलेल्या हातातला ब्लेड काही शिकवत नाही, तो फक्त दुखावतो.

धक्क्यावरून जागा ओळखण्यापेक्षा डोळ्यांनी पाहा. पायाला लावायची पावडर पात्यावर फवारली, किंवा साधी टाल्कम बोटाने हलकीशी फासली, की चेंडूचा गोल ठसा स्पष्ट उमटतो. मला दांडीकडे सरकण्याची खोड कळली ती या ठशांवरून, आणि ती गोदामातच कळू शकली असती. खरं तर हे तंत्र कॅव्हिटी बॅकवरही तसंच चालतं. ज्याला फक्त चेंडू कुठे लागतो हे जाणून घ्यायचं आहे, त्याने पावडरचा डबा घ्यावा आणि ब्लेडचे पैसे वाचवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंतरांची तुलना अजिबात करू नका, त्यात अनेकांचं मन उगाच खट्टू होतं. जुन्या सात नंबरच्या पात्याचा कल साधारण ३५-३६ अंशांचा असतो. आजच्या साध्या खेळाडूंसाठी बनवलेल्या सात नंबरचा २८ ते ३० अंश, आणि शाफ्टही थोडी लांब. म्हणजे जुना सात नंबर आजच्या आठ-नऊच्या मधला कुठला तरी क्लब आहे. पात्यावरचा आकडा तेवढा सारखा आहे. चेंडू कमी गेला म्हणून जोर लावणारे मी पाहिले आहेत, आणि जोर लावला की पुन्हा तेच, मूठ आवळणं आणि कोपर. आजच्या व्यावसायिक खेळाडूंतही कित्येक जण लांबच्या आयर्नला कॅव्हिटी बॅक आणि जवळच्या आयर्नला ब्लेड अशी सरमिसळ करतात. ज्यांच्या चेंडूची जागा केसभर चुकत नाही, ते सुद्धा मदत नाकारत नाहीत.

आता जुन्या क्लबची तपासणी. यात जिवाचा धोका आहे, म्हणून नीट वाचा. एका संध्याकाळी गोदामात माझ्या पाच नंबरचं पातं स्विंगमध्येच शाफ्टवरून निसटलं आणि जाळीत जाऊन अडकलं. जाळी होती, आणि समोर कोणी उभं नव्हतं. पातं शाफ्टला एपॉक्सीने चिकटवलेलं असतं. वर्षं गेली की एपॉक्सी ठिसूळ होतं, आणि कुवेतच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीत जी उष्णता साठते तिने ते मऊ पडतं. म्हणून इथे क्लब डिकीत ठेवायचेच नाहीत, जुने असोत की नवे. विकत घेताना पातं एका हातात आणि शाफ्ट दुसऱ्या हातात धरून पिळून बघा. किंचित जरी हललं किंवा करकरलं तर तो क्लब घेऊ नका. शाफ्ट जिथे पात्यात शिरते तिथलं प्लॅस्टिकचं काळं कडं वर सरकलं असेल, तर सांधा सैल होत असल्याची ती खूण असू शकते. शाफ्टच्या त्याच भागावर गंजाचे खड्डे आहेत का तेही पाहा. आतून गंजलेली स्टीलची शाफ्ट फटक्यासरशी मोडते आणि मोडलेलं टोक भाल्यासारखं धारदार असतं. सांधा नव्याने चिकटवून घेणं स्वस्त आहे, मुठी बदलणं त्याहून स्वस्त. सेट किती स्वस्तात मिळाला याचा आनंद मानण्याआधी हे दोन खर्च त्यात धरा. मुठी बदलताना हाताच्या मापाप्रमाणे थोड्या जाड घ्या. आवळून धरायची गरज कमी होते.

नरम पोलादाचे घडवलेले क्लब वाकतात, हा त्यांचा गुणही आणि अवगुणही. आधीच्या मालकाने कठीण जमिनीवर खेळून त्यांचे कोन बदललेले असू शकतात, किंवा स्वतःच्या उंचीप्रमाणे मुद्दाम वाकवून घेतलेले असू शकतात. आपल्या उंचीशी न जुळणारा कोन तुमच्या स्विंगमध्ये दोष दाखवतो, आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करत बसता. कोन मोजायचं यंत्र जिथे असेल तिथे एकदा दाखवून घ्या. स्पर्धा खेळणाऱ्यांनी पात्यावरच्या खाचांचंही पाहावं. २०१० पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांत जुन्या, धारदार कडांच्या खाचांवर निर्बंध आले. त्याच वर्षी फिल मिकलसन जुना पिंग आय टू वेज घेऊन खेळला, आणि तो क्लब १९९० च्या एका तडजोडीमुळे नियमात बसत होता म्हणून मोठा वाद झाला. आपल्या मित्रमंडळींच्या सामन्यात कोणी खाचा तपासणार नाही, पण क्लबच्या स्पर्धेत नाव द्यायचं असेल तर आयोजकांना आधी विचारलेलं बरं.

शेवटचं लहान मुलांबद्दल. कुवेतमधली आपली मुलं शाळेच्या सुट्टीत बाबांबरोबर रेंजवर येतात, आणि घरात पडून असलेला जुना सेट आठवतो. शाफ्ट कापून तो मुलाला द्यायची पद्धत सर्रास आहे. मोठ्याची शाफ्ट कापली की ती मुलासाठी आणखी ताठ होते, आणि पात्याचं वजन तर मोठ्या माणसाचंच राहतं. ते पेलण्यासाठी मूल दोन्ही हातांनी आवळून, सगळं अंग झोकून मारतं, आणि ती सवय पुढे सोडवता सुटत नाही. वाढत्या वयात कोपराच्या हाडाची टोकं अजून जुळलेली नसतात. तिथली इजा मोठ्यांच्या इजेपेक्षा गंभीर असते. मुलासाठी त्याच्या उंचीचा, हलक्या पात्याचा एकच क्लब आणि एक पटर घ्या, जुना मिळाला तरी चालेल, फक्त तो मुलांसाठीच बनवलेला असावा. वर्षभराने तो आखूड पडेल. तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या मुलाला द्या आणि पुढच्या मापाचा कुणाकडे आहे का ते महाराष्ट्र मंडळाच्या मंडळींत विचारा. बहुतेक वेळा मिळून जातो.